जाहिरातीतला एकही शब्द खोटा नसताना ती दिशाभूल करणारी ठरते का?

पांथस्थ

नमस्कार. प्रश्न आमच्या घरात घडलेल्या एका गोष्टीवरून सुचला असला तरी तो तेवढ्यापुरता नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी एका खासगी संस्थेच्या संगणक-अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्या क्षेत्रातले आमच्यापैकी कोणालाच फारसे कळत नव्हते, त्यामुळे त्याने पाच-सहा संस्थांच्या जाहिराती समोर ठेवल्या आणि जिचा दावा सर्वांत ठोस वाटला ती निवडली. ‘आमच्या दहापैकी नऊ विद्यार्थ्यांना नोकरी’ असे ते वाक्य होते. अभ्यासक्रम संपून आठ महिने झाले. त्याला नोकरी नाही, आणि त्याच्या तुकडीतल्या ज्या चौदा जणांशी त्याचा संपर्क आहे त्यांच्यापैकी चौघांनाच ती मिळाली आहे.

आम्ही संस्थेत जाऊन विचारले तेव्हा तेथील व्यवस्थापकांनी हिशेब समजावून सांगितला. मध्येच अभ्यासक्रम सोडलेले विद्यार्थी त्यात धरलेले नाहीत. शेवटच्या परीक्षेत ठरावीक गुण न मिळालेले धरलेले नाहीत. ज्यांनी संस्थेच्या सर्वेक्षणाला उत्तर पाठवले नाही तेही नाहीत. उलट प्रवेश घेतानाच जे कुठेतरी नोकरीला होते आणि आजही तीच नोकरी करत आहेत, ते मात्र ‘नोकरी मिळालेले’ म्हणून मोजलेले आहेत. अशा रीतीने जे उरतात त्यांच्यातले प्रमाण काढले की ते दहापैकी नऊ येते, आणि जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असे लिहिलेले होतेच.

बाहेर पडताना भाऊ एवढेच म्हणाला, “म्हणजे ते खोटे बोलले नाहीत, मीच चुकीचे वाचले.” त्याचे हे बोलणे माझ्या मनातून जात नाही. त्याने चुकीचे वाचले असे मला वाटत नाही, पण का वाटत नाही ते मला नेमके मांडता येत नाही. ज्या जाहिरातीतला प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या अर्थाने खरा आहे, तिला दिशाभूल करणारी म्हणता येते का? आणि येत असेल, तर ज्याला त्या विषयातले काहीच कळत नाही अशा ग्राहकाने जाहिरातीवर कितपत विसंबावे?

तराजू

आपल्या भावाने चुकीचे वाचलेले नाही, हे आधी त्याला सांगा. त्याने ते वाक्य जसे वाचले तसेच ते वाचले जावे, याच हेतूने ते लिहिलेले होते. ‘आमच्या दहापैकी नऊ विद्यार्थ्यांना नोकरी’ या शब्दांतून ‘परीक्षेत ठरावीक गुण मिळवलेल्या, आमच्या सर्वेक्षणाला उत्तर पाठवलेल्या आणि कदाचित आधीपासूनच नोकरीत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी’ असा अर्थ काढणारा वाचक शोधून सापडणार नाही.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरेच स्पष्ट आहे. जाहिरातीचा एकेक शब्द सुटा करून तो खरा की खोटा हे पाहायचे, ही जुनी पद्धत आता बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. युरोपीय संघाने अनुचित व्यापारी व्यवहारांबाबत २००५ मध्ये जो निर्देश काढला त्यात असे म्हटले आहे की दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून असली तरी, तिच्या एकूण मांडणीमुळे सरासरी ग्राहक फसण्याची शक्यता असेल आणि एरवी त्याने घेतला नसता असा निर्णय तो घेणार असेल, तर तो व्यवहार दिशाभूल करणारा ठरतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारव्यवहार आणि ग्राहकहित यांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी नियामक संस्थेने, १९८३ च्या आपल्या धोरणनिवेदनात हीच गोष्ट थोड्या वेगळ्या अंगाने मांडली आहे. वाजवीपणे वागणाऱ्या ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता आहे का, आणि ज्या मुद्द्यावर ती होते तो त्याच्या निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का, एवढे पाहायचे. दिशाभूल विधानाने होऊ शकते तशीच काही न सांगण्यानेही होऊ शकते, हे त्या निवेदनातच आहे. आपल्या प्रकरणात सारा भार या न सांगण्यावर आहे.

योगायोग असा की आपण लिहिलेल्या प्रकाराशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे एक प्रकरण सार्वजनिक नोंदीत आहे. जानेवारी २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अमेरिकेतील डेव्राय विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला. नोकरीच्या शोधात असलेल्या आमच्या पदवीधरांपैकी ९० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत त्यांच्या क्षेत्रात नोकरी मिळाली, अशी विद्यापीठाची जाहिरात होती. कमिशनचा आक्षेप दोन गोष्टींवर होता. ज्यांना प्रवेशाच्या वेळीच नोकरी होती आणि नंतरही तीच राहिली अशांना यशस्वी म्हणून मोजले गेले होते, आणि जे खरोखर नोकरी शोधत होते अशा काहींना ‘शोधत नाहीत’ असे ठरवून हिशेबातून वगळले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तडजोड झाली आणि विद्यापीठाने एकूण १० कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. त्यापैकी ४ कोटी ९४ लाख डॉलर विद्यार्थ्यांना रोख वाटण्यासाठी होते आणि ५ कोटी ६ लाख डॉलरची त्यांच्याकडील येणी माफ करण्यात आली. तडजोड असल्यामुळे न्यायालयाचा निर्णय म्हणून तिचा दाखला देता येत नाही, पण नियामक संस्था अशा आकड्याकडे कसे पाहते हे तिच्यावरून चांगले समजते.

आता ‘अटी लागू’ याबद्दल. तळटीप मुख्य दाव्याचा खुलासा करू शकते. मुख्य दाव्याने जे सांगितले ते काढून घेणे हे तिचे काम नाही. मोठ्या अक्षरांत ‘सर्वांना’ म्हणायचे आणि बारीक अक्षरांत ‘काहींना’ म्हणायचे, हा खुलासा होत नाही. आणि आपल्या जाहिरातीत तर खुलासाही नव्हता, कारण त्या अटी कोणत्या हे कुठेच लिहिलेले नव्हते.

जुनी शाई

मी वीस वर्षांहून अधिक काळ जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे काम केले, त्यामुळे पलीकडच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

धादांत खोटे वाक्य लिहायला मला कोणी क्वचितच सांगितले. मोठ्या कंपन्यांत मजकूर वकिलांच्या नजरेखालून जातो. अमेरिकेत फायझर या औषध कंपनीविरुद्धच्या १९७२ च्या प्रकरणापासून असे तत्त्वच ठरले आहे की दावा करण्यापूर्वी जाहिरातदाराच्या हाती त्याला वाजवी आधार असला पाहिजे. आक्षेप आल्यानंतर पुरावा गोळा करून भागत नाही. त्यामुळे आमच्यासमोरचा प्रश्न नेहमी असा असे की जो पुरावा हाती आहे त्याच्या बळावर जास्तीत जास्त काय सूचित करता येईल. ‘सूचित’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. वाचक वाक्य जसेच्या तसे लक्षात ठेवत नाही, त्यातून काढलेला अर्थ लक्षात ठेवतो. तो अर्थ आम्ही लिहिलेला नसतो, त्यामुळे त्याबद्दल आम्हाला कोणी जबाबदार धरू नये अशी सगळी रचना असते. आज मागे वळून पाहताना मला याचे वाईट वाटते.

‘पर्यंत’ हा शब्द घ्या. ‘विजेची ४० टक्क्यांपर्यंत बचत’ असे लिहिले की एका घरात एकदा ४० टक्के बचत झाली असली तरी वाक्य खरे ठरते. फेडरल ट्रेड कमिशनने खिडक्या विकणाऱ्या काही कंपन्यांवरील कारवाईच्या संदर्भात २०१२ मध्ये एक ग्राहक-पाहणी प्रसिद्ध केली. ‘पर्यंत’ हा शब्द जाहिरातीत असला तरी अनेक ग्राहक कमाल आकडाच आपल्याला मिळणारा आकडा समजतात, असे तिच्यातून दिसले. लिहिणाऱ्यांना हे पाहणीशिवायही ठाऊक होते. ‘मदत करते’ हे दुसरे उदाहरण. एखादा लेप वेदना कमी करतो असे म्हणायला पुरावा लागतो, पण वेदना कमी होण्यास मदत करतो असे म्हणायला फारच थोडा पुरतो. ‘चाचणीत सिद्ध’ असे लिहिताना चाचणी कोणी केली, किती जणांवर केली, कशाच्या तुलनेत केली आणि नेमके काय सिद्ध झाले, यातले एकही सांगावे लागत नाही. ‘दुपटीने अधिक प्रभावी’ हे वाक्य तर तुलनेची दुसरी बाजू न सांगताच संपते, आणि वाचक ती बाजू मनातल्या मनात स्पर्धकाचे नाव घालून पूर्ण करतो.

पण शब्दांपेक्षाही अधिक काम मांडणी करते, आणि याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. न्युरोफेन या वेदनाशामकाच्या गोळ्या तिथे पाठदुखी, अर्धशिशी, ताणामुळे होणारी डोकेदुखी आणि मासिक पाळीतल्या वेदना अशा चार वेगवेगळ्या वेष्टनांत विकल्या जात होत्या. प्रत्येक वेष्टन वेगळ्या रंगाचे, प्रत्येकावर वेगळ्या दुखण्याचे नाव. आत मात्र एकच घटक आणि तोही त्याच प्रमाणात होता: आयब्युप्रोफेन लायसिन, ३४२ मिलिग्रॅम. किंमत साध्या वेष्टनाच्या जवळपास दुप्पट होती. गोळी पाठदुखीवर उपयोगी आहे हे खोटे नव्हते, ती अर्धशिशीवर उपयोगी आहे हेही खोटे नव्हते. चार वेष्टने शेजारी शेजारी मांडल्याने जे ‘बोलले’ जात होते, म्हणजे प्रत्येक गोळी त्या त्या दुखण्यासाठी खास बनवलेली आहे, ते तेवढे खोटे होते. तिथल्या फेडरल न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये हे दिशाभूल करणारे ठरवले. २०१६ मध्ये आधी १७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, आणि तो अपुरा आहे या अपिलानंतर वर्षअखेरीस ६० लाखांवर नेण्यात आला.

म्हणून आपल्या भावाला मी असे सांगेन की ‘ते खोटे बोलले नाहीत’ ही त्या व्यवसायात शिकवली जाणारी भाषा आहे. ती ग्राहकाने आपल्या तोंडी घेऊ नये.

ओंजळ

इतका खल करण्याची गरजच काय, हे मला कळत नाही. माझ्या आईने जाहिरात पाहून गुडघेदुखीवर एक यंत्र मागवले. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, आणि ‘समाधान न झाल्यास पैसे परत’ या आश्वासनाचे पुढे काय झाले हे सांगायला नको. त्या दिवसापासून माझा नियम साधा आहे: कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नाही. विकणारा आपल्या मालाची स्तुतीच करणार. कंपन्यासुद्धा हेच म्हणतात की जाहिरात ही जाहिरात असते, ती कोणी शब्दशः घ्यायची नसते. मग आपण तरी ती गंभीरपणे का घ्यावी?

तराजू

ओंजळ, आपल्या आईंना जो मनस्ताप झाला त्याबद्दल वाईट वाटले. पण ‘जाहिरात कोणी शब्दशः घ्यायची नसते’ हा बचाव मान्य करू नका, कारण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच तो न्यायालयात फेटाळला गेला आहे.

इंग्लंडमध्ये १८९१ च्या नोव्हेंबरात कार्बोलिक स्मोक बॉल नावाच्या वस्तूची जाहिरात वृत्तपत्रात आली. रबरी चेंडूला नळी लावलेली ही वस्तू नाकाशी धरून तिच्यातली कार्बोलिक आम्लाची वाफ हुंगायची असे. ती सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ, असे जाहिरातीत म्हटले होते, आणि आपला शब्द खरा आहे हे दाखवण्यासाठी अलायन्स बँकेत १००० पौंड ठेवले असल्याचेही त्यात लिहिले होते. लुइझा कार्लिल या बाईंनी ती वस्तू सांगितल्याप्रमाणे वापरली, पुढच्या जानेवारीत त्यांना इन्फ्लुएंझा झाला, आणि त्यांनी १०० पौंड मागितले. कंपनीने जे बचाव मांडले त्यांत हे निव्वळ जाहिरातबाजीचे बोल आहेत, हाही एक होता. डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. बँकेत पैसे ठेवल्याचे ज्या जाहिरातीत सांगितले आहे ती गंभीरपणे केलेली नाही असे म्हणता येणार नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले.

‘सर्वांत सुंदर’, ‘मन मोहून टाकणारे’ अशा अतिशयोक्तीला आजही कायदा फारसे मोजत नाही, कारण ती तपासण्याजोगी नसते आणि कोणी तिच्यावर विसंबतही नाही. पण आकडा, मुदत, हमी किंवा परिणाम सांगितला की तो दावा होतो. आपल्या आईंना दिलेले ‘पैसे परत’ हे दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि त्या आश्वासनाचा कागद किंवा संदेश हाती असेल तर अजूनही त्याचा पाठपुरावा करावा असे मी सुचवेन.

निळी वही

ओंजळ यांच्या नियमाबद्दल मला एक वेगळी शंका आहे. विश्वास ठेवायचा नाही असे ठरवल्याने तो बसायचा थांबतो का?

हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा प्रत्येकी ६० विधाने ऐकवून ती कितपत खरी वाटतात हे विचारले. काही विधाने खरी होती, काही खोटी, आणि त्यांतली मोजकी विधाने तिन्ही वेळा पुन्हा येत होती. पुन्हा पुन्हा आलेली विधाने दर वेळी अधिक खरी वाटत गेली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी. तेव्हापासून हा परिणाम अनेकांनी तपासून पाहिला आहे. ओळखीचे वाटणे आणि खरे वाटणे यांतला फरक मनाला सहज करता येत नाही, आणि जाहिरातीचा बराचसा खर्च ही ओळख निर्माण करण्यावरच होतो.

याचा दुसरा भाग मला अधिक गंभीर वाटतो. खोटे उघडकीला आले तरी ते पुसले जात नाही. लिस्टरिन हे तोंड धुण्याचे द्रव औषध सर्दी आणि घसादुखी टाळते असे ग्राहकांना १९२१ पासून सांगितले जात होते. १९७५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने तो दावा चुकीचा ठरवला, आणि तो नुसता थांबवून पुरणार नाही असे म्हणून कंपनीला आदेश दिला की पुढच्या सुमारे १ कोटी डॉलरच्या जाहिरातींत हे औषध सर्दी किंवा घसादुखी टाळत नाही आणि त्यांची तीव्रताही कमी करत नाही, असे स्वतःच स्पष्ट सांगावे. हा आदेश १९७७ मध्ये न्यायालयातही टिकला. कंपनीने तशा जाहिराती दिल्या, आणि लोकांच्या मनातला समज कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. पन्नास वर्षे जे ऐकवले ते एका वर्षाच्या खर्चाने निघत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी लागणाऱ्या निकालावर आणि दंडावर मी फार समाधान मानत नाही. दंड भरून झाल्यावरही त्या जाहिरातीचा लाभ चालूच असतो.

पाटीपेन्सिल

मी अर्थशास्त्र शिकवते. पांथस्थ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कितपत विसंबावे याकडे, अजून कोणी नीट वळलेले नाही, म्हणून त्यावर लिहिते.

‘जाहिरातीवर’ विश्वास ठेवावा का, हा प्रश्न मला फार मोठ्या मापाचा वाटतो. विश्वास दाव्यागणिक ठरवावा लागतो, आणि तो ठरवताना विकणारा प्रामाणिक आहे का यापेक्षा एक वेगळी गोष्ट पाहणे सोपे जाते: दावा खोटा निघाला तर ते कोणाला, केव्हा कळेल? फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. काहींचे गुण विकत घेण्यापूर्वीच पाहता येतात आणि काहींचे वापरल्यावर कळतात. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली, ती म्हणजे वापरल्यानंतरही ग्राहकाला स्वतःहून ज्यांची पारख करता येत नाही असे गुण. औषधाने बरे वाटले की ते आपोआपच बरे वाटणार होते, यंत्राचा जो भाग बदलला तो खरोखर बदलायला हवा होता का, हे सामान्य माणसाला कधीच कळत नाही.

पहिल्या प्रकारात जाहिरात बऱ्यापैकी खरी असते, कारण टेबलाची लांबी खोटी सांगून विक्रेत्याला काहीच मिळत नाही. फीत लावली की ते उघडे पडते. दुसऱ्या प्रकारात ग्राहक परत येणार असेल तर विक्रेत्याला धाक असतो. आपल्या भावाचा अभ्यासक्रम नेमका इथे निसटतो. त्याचे गुण अनुभवानेच कळणारे आहेत, पण तो आयुष्यात एकदाच घेतला जातो. समाधानी विद्यार्थी दुसऱ्यांदा तोच अभ्यासक्रम घेत नाही, त्यामुळे असमाधानी विद्यार्थी गमावल्याचे नुकसानही संस्थेला जाणवत नाही, आणि दर वर्षी नवी, काहीच माहीत नसलेली तुकडी दारात येते. जी गोष्ट एकदाच आणि पुष्कळ पैसे देऊन घ्यायची असते, तिच्या जाहिरातीबाबत सर्वांत अधिक सावध राहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

तिसऱ्या प्रकारात एकट्या ग्राहकाचे शहाणपण पुरत नाही, हे मान्यच करावे लागते. फोक्सवागन कंपनीने आपल्या डिझेल मोटारी स्वच्छ म्हणून विकल्या. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारी संगणकप्रणाली त्यांत बसवलेली होती, आणि रस्त्यावर मात्र काही मोटारींमधून नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन अमेरिकेतील मर्यादेच्या ४० पटींपर्यंत होत होते. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही प्रणाली होती. कोणता ग्राहक, कितीही चौकस असला तरी, हे ओळखू शकला असता? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोटारीवर मापनयंत्र बसवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली आणि २०१४ मध्ये आकडे प्रसिद्ध केले, म्हणून सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण बाहेर आले. इथे पर्यावरणपूरक असण्याची जाहिरात वाचून मोटार घेणाऱ्याला ‘तुम्ही नीट चौकशी करायला हवी होती’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ओंजळ, आपल्या नियमाशीही मी एका कारणाने असहमत आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की चांगली आणि वाईट वस्तू ग्राहकाला वेगळी ओळखता येईनाशी झाली की तो दोन्हींना सारखाच, कमी भाव देऊ लागतो, आणि मग चांगली वस्तू विकणारा आधी बाजार सोडतो. सगळ्याच जाहिराती खोट्या मानल्या तर खोटे बोलणाऱ्याचे काही बिघडत नाही. प्रामाणिक माहिती देणाऱ्याचे मात्र ऐकणारे कोणी उरत नाही, आणि ज्या संस्थेने खरेखुरे ‘दहापैकी चार’ असे छापले असते तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

म्हणून मला तरी शाळेतल्या अपूर्णांकांचाच आधार घ्यावासा वाटतो. जाहिरात आपल्याला अंश दाखवते, आपण छेद मागायचा. दहापैकी नऊ, पण कोणते दहा? दुपटीने अधिक, पण कशाच्या? विचारल्यावर जो विक्रेता छेद लिहून देतो त्याच्या दाव्यावर, तो लहान असला तरी, विसंबायला हरकत नाही.

पांथस्थ

सर्वांचे मनापासून आभार. पाटीपेन्सिल यांनी लिहिलेला अंश-छेदाचा मुद्दा भावाला वाचून दाखवला, आणि ‘मीच चुकीचे वाचले’ हे त्याने मागे घेतले. माझ्यासाठी हेही मोठे आहे, कारण गेले काही महिने तो स्वतःलाच दोष देत होता.

आता आम्हाला संस्थेकडे लेखी विचारणा करायची आहे. व्यवस्थापकांनी जे तोंडी सांगितले त्याची कोणतीही नोंद आमच्याजवळ नाही. पत्रात काय विचारावे आणि त्याआधी काही जमवून ठेवावे का?

तराजू

आधी जाहिरात जपून ठेवा. ती ज्या ज्या ठिकाणी आली तिथल्या प्रती, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ते वाक्य असेल तर त्या पानाचे तारीख दिसेल असे छायाचित्र, तळटिपेसह, घेऊन ठेवा. विचारणा पोचली की अशी पाने पुष्कळदा बदलतात. प्रवेशाच्या वेळचे माहितीपत्रक, शुल्काची पावती, समुपदेशकाशी झालेले संदेश हेही एकत्र करा. व्यवस्थापकांशी कोणत्या दिवशी, काय बोलणे झाले ते आठवते तोवर भावाकडून लिहून घ्या, आणि पत्राची सुरुवातच ‘अमुक तारखेच्या भेटीत आपण असे सांगितले’ अशी करा. त्यांनी ते खोडून काढले नाही तर ती एक प्रकारची नोंद होते.

पत्रात आरोप करू नका, आकडे मागा. ज्या वर्षाबद्दल दावा आहे त्या वर्षी एकूण किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती जणांना कोणत्या कारणाने हिशेबातून वगळले, सर्वेक्षणाला किती उत्तरे आली, नोकरी मिळालेल्यांपैकी किती जण प्रवेशापूर्वीच नोकरीत होते, आणि ‘नोकरी’ म्हणजे त्या अभ्यासक्रमाशी संबंधित काम की कोणतेही काम. जाहिरातीत ज्या अटींचा उल्लेख आहे त्या प्रवेशाच्या दिवशी कुठे उपलब्ध होत्या, हेही विचारा. उत्तरासाठी ठरावीक मुदत द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही किंवा गोलमोल आले, तर हेच पत्र ग्राहक-तक्रारीसोबत जोडता येईल. शक्य असेल तर भावाच्या तुकडीतल्या इतरांनाही सह्या करायला सांगा. एकाची तक्रार अपवाद म्हणून बाजूला सारता येते, दहा जणांची सारणे अवघड जाते.

जुनी शाई

एक लहानशी भर. दाव्याला आधार काय, ही फाइल जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीच तयार असायला हवी. म्हणून पत्रात ‘हा आकडा कोणत्या तारखेच्या अहवालावरून घेतला’ हेही विचारा. तो अहवाल जाहिरातीनंतरच्या तारखेचा निघाला, तर तेवढी एकच गोष्ट पुष्कळ काही सांगून जाईल.

पांथस्थ

पान अजून तसेच आहे, तळाच्या ‘अटी लागू’सकट. आज दुपारी त्याच्या प्रती घेतल्या. भावाने स्वतः पत्राचा मसुदा केला आहे आणि तारखेचा प्रश्न त्यात शेवटी घातला आहे. तुकडीतल्या अकरा जणांनी सही करण्याची तयारी दाखवली आहे, आणि ज्या चौघांना नोकरी मिळाली त्यांच्यापैकी दोघे त्या अकरांत आहेत. त्यांतला एक जण प्रवेशाच्या आधीपासूनच त्या नोकरीत होता, आणि तेही तो पत्रात लिहून द्यायला तयार आहे. उत्तर आले की इथे कळवीन.